हात कापू नोका

शकूरभाई गेल्याची बातमी मोबाइलवर आली तेव्हा मी त्यांना ओळखलंच नाही. अमरावतीच्या घरी सकाळचा चहा घेत बसलो होतो आणि अकोल्याच्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर एका फ्लेक्सचा फोटो येऊन पडला. निळं आभाळ, दोन पांढरी कबुतरं, कोपऱ्यात तेवणारी समई आणि मधोमध काळा कोट, लाल टाय घालून हात जोडून उभा असलेला एक गोरागोमटा गृहस्थ. गेला असेल कोणी पुढारी, असं म्हणून मी पुढचं काही पाहणार होतो... तेवढ्यात खालची अक्षरं दिसली. 'शकूरभाई फोटोग्राफर यांना भावपूर्ण श्रद्धांजली.' आतून बायकोनं विचारलं, "काय झालं हो?" अशा वेळी माणसाला रडू येतं म्हणतात. मला आधी संताप आला. मी मोबाइल तिच्यापुढे धरला आणि ओरडलो, "अवं, पन हे हात कोनाचे हायेत?"

तुम्ही म्हणाल, माणूस गेला आणि हा गडी हातांचं काय घेऊन बसला! सांगतो. मास्तरकी मिळून अमरावतीला येण्याआधी मी अकोल्यात दुकानांच्या पाट्या रंगवायचो. मोर्णा नदीच्या अंगाला, जुन्या शहरातल्या एका बोळीत माझी टपरी होती आणि भिंतीला भिंत लागून शकूरभाईंचा स्टुडिओ. स्टुडिओ म्हणजे काय, तर एक स्टूल, एक निळा पडदा आणि खिळ्याला टांगलेला एक काळा कोट. त्यांचे वडील बार्शीटाकळीला गाद्या-रजया भरायचे. मुलगा कापसाच्या धुळीत खोकत बसू नये म्हणून त्यांनी त्याला एका फोटोवाल्याकडे टाकला, आणि शकूरभाई त्या धंद्यात जन्मभर राहिले. पासपोर्ट फोटो, मुलगी दाखवायचा फोटो, खेड्यापाड्यातली लग्नं. गिऱ्हाईक आलं की त्याला कोट चढवायचा, मागून कपडे वाळवायच्या चिमट्यांनी आवळायचा, गळ्यात इलॅस्टिकचा टाय अडकवायचा. समोरून पाहिलं तर साहेब, पाठीमागून पाहिलं तर वाळत घातलेलं धुणं. मी माझ्या टपरीतून हे पाहून हसायचो आणि शकूरभाई डोळे वटारायचे, कारण गिऱ्हाईकही हसायला लागायचं आणि फोटो हलायचा.

हे झालं पोटाचं. दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की शटर अर्धं ओढून ते लूनावर निघायचे आणि गावाचे फोटो काढायचे. अकोल्याच्या उन्हात दुपारी कुत्रं बाहेर पडत नाही आणि हा माणूस डोक्याला ओला दुपट्टा बांधून फिरायचा. डाळ मिलमधल्या पाखडणाऱ्या बाया, नदीकाठी दाढी करून देणारा न्हावी, पोत्यावर सुई मारणारा हमाल, कल्हईवाला, सायकलचं पंक्चर पाण्यात शोधणारा म्हातारा. लोक म्हणायचे, "भाऊ, याच्यात काय फोटो काढाचं हाये?" तर यांचं उत्तर ठरलेलं, "काई नाई, काढून राह्यलो." फोटोतल्या माणसाचे हात मात्र पूर्ण दिसले पाहिजेत. मनगटापासून तुटलेला हात फोटोत आला तर तो फोटो त्यांच्या लेखी बाद. मी एकदा विचारलं, "काहून हो इतकं हाताचं?" तर म्हणाले, "तोंड त माणूस कसंबी करते पेंटर. हाताले नाटक जमत नाही." बस्स. आणि बिडी पेटवायला वळले.

मग त्या फोटोंना एक भलतंच गिऱ्हाईक मिळालं. घरात कोणी वारलं की पोरं धावत यायची. भिंतीला लावायला, हार घालायला फोटो नाही. आधार कार्डावरचा फोटो पाहून तर मेलेला माणूसही दचकेल. तेव्हा कोणाला तरी आठवायचं, की शकूरभाईनं बाबाचा फोटो काढला होता बजारात! शकूरभाई साडीचे जुने खोके उपसत बसायचे, आणि फोटो सापडला की खुशीत यायचे. आणि तिथूनच भांडण सुरू व्हायचं.

फुटाणे भाजणारी लक्ष्मीबाई गेली तेव्हाचं भांडण माझ्या डोळ्यांसमोर झालं. शकूरभाईंच्या खोक्यातून तिचा असा फोटो निघाला, की मी पाहतच राहिलो. कढईतली वाळू, त्यातून उसळणारे फुटाणे, धुरात मिचकावलेले डोळे आणि झारा धरलेला तो काळा, भाजलेला, बांगडीचा हात. तिचा थोरला मुलगा फोटो पाहून रडला. डोळे पुसले, आणि म्हणाला, "मस्त हाये भाऊ. आता असं करा, कढई काढून टाका. हात बी नोका घेऊ. खाली पैठणी टाका आन् मांगं फुलं." शकूरभाईंचा चेहरा असा झाला, की जणू त्यांनाच कोणी कापायला सांगितलं. "अबे बैताडा, याच हातानं तुले मोठं केलं न तुया मायनं? आन् तेच कापाले सांगून राह्यला?" पोरगा खाली मान घालून म्हणाला, "भाऊ, माह्या पोरीच्या सोयरिकीचं चालू हाये. पाव्हने येतात घरात. फुटाणेवालीचा फोटो लावू काय भिंतीले?"

पोरगा नालायक नव्हता. आई गेल्यावर त्याला स्टुडिओच्या दारात धाय मोकलून रडताना मी पाहिलं होतं. शकूरभाईंनी गुपचूप पैठणी लावून दिली, फुलं टाकली आणि तो गेल्यावर स्टुलावर बसून राहिले. मला त्यांना चिडवायची खोड. मी म्हटलं, "तुमी तरी काय कमी हाये शकूरभाई? दिवसभर हमालाले कोट घालून साहेब करता, आन् पैठणीचं वाईट वाटते?" तर माझ्याकडे पाहून म्हणाले, "कोट माणूस सोताच्या हौसेनं घालते पेंटर. आरशात पाह्यते, हासते, काढून ठेवते. मेल्यावर कोनी घातला, त त्यानं नाही कसं म्हनाव?"

हे वाक्य मी विसरलो असतो तर बरं झालं असतं. आज एवढा त्रास झाला नसता.

पण त्यांच्या या हट्टापायी मी काय काय सोसलं, तेही लिहिलंच पाहिजे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात, पण मग त्यांच्यावरचा राग मी कुठे ठेवू? अमरावतीला मास्तर झाल्यावर मी तिथल्या एका कलामंडळाच्या मागे लागून शकूरभाईंच्या फोटोंचं प्रदर्शन ठरवलं. हॉल मिळाला, पाहुणे ठरले. मंडळींनी हौसेनं निमंत्रणपत्रिका छापली आणि तिच्यावर लक्ष्मीबाईचा तो फोटो घातला. शकूरभाई खोके घेऊन एसटीनं आले. मी स्टँडवर आनंदानं पत्रिका त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती पाहिली, उलटी केली, परत सुलटी केली. पत्रिकेवर लक्ष्मीबाईचं नुसतं तोंड होतं. सुरकुत्या, मिचकावलेले डोळे... कढई नाही, झारा नाही, हात नाही. मंडळाचं म्हणणं असं, की चेहऱ्यात फार भाव आहे, म्हणून तेवढाच मोठा केला.

"मी चाललो मास्तर," शकूरभाई म्हणाले. मला वाटलं चहा प्यायला चालले. ते अकोल्याच्या गाडीकडे निघाले होते! मी मागे धावलो. हातापाया पडलो, शिव्या दिल्या, आख्ख्या स्टँडसमोर तमाशा झाला. म्हटलं, "अहो, एका पत्रिकेपायी काय घेऊन बसलात! आत तर पूर्ण फोटो लावू न आपण! सगळं शहर पाहील!" तर गाडीच्या पायरीवरून म्हणतात, "ज्याले तोंडच पाहाचं हाये, त्यानं आधार कार्ड पाहावं." आणि गेले. पाहुण्यांना, मंडळाला तोंड मी दिलं. पुढे कित्येक महिने मी त्यांच्याशी बोललो नाही. मग एका ईदला त्यांचाच फोन आला, "शीरखुर्मा निवून राह्यला, कवा येता?" आणि मी गेलो. पण तो विषय पुन्हा निघाला नाही, आणि ते फोटो खोक्यांतच राहिले. माझं डोकं आजही फिरतं. थोडं नमतं घेतलं असतं तर काय झालं असतं? हात काय, पुढच्या प्रदर्शनात लावले असते! हे मी इतक्या वर्षांत शंभरदा मनात म्हटलंय, आणि प्रत्येक वेळी मला त्यांचं उत्तर माहीत असतं.

तर असा हा माणूस, आणि त्याच्या नावाचा तो फ्लेक्स. बातमी कळली त्या दिवशी मातीला जाऊन आलो. तेव्हा कोणाशी भांडायचं बळ नव्हतं. पण काही दिवसांनी पुन्हा अकोल्याला गेलो तर चौकात फ्लेक्स तसाच. त्यांच्या घरात भिंतीला फोटो लावायची पद्धत नाही. म्हणजे आख्ख्या अकोल्यात शकूरभाईंचा लावलेला फोटो तेवढा हाच, आणि त्यात गळ्याखालचे शकूरभाई नाहीतच. मी फ्लेक्सवाल्याचं दुकान शोधून काढलं. फ्लेक्सवाल्यांवर माझा राग जुना आहे. माझ्या पाट्या यांनीच खाल्ल्या. पण हा निखिल नावाचा मालक गोड माणूस निघाला. खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाला, "काका, ते श्रद्धांजलीचं मॉडेलच तसं हाये. कोट, टाय, हात जोडेल. मुंडकं बदललं का झालं. त्याच सकाळी एका सरपंचाचंबी त्याच्यातच केलतं." मी कपाळावर हात मारला. म्हटलं, "आन् बाप्पा, समई?" तो ओशाळला. "घाईत राह्यली काका." पैसे मी देतो, नवीन करून दे, असं म्हटल्यावर त्यानं अगदी साधा प्रश्न विचारला. "मंग पूर्ण फोटो आना न. मायाजवळ त मुंडकंच हाये."

म्हणून घरी गेलो. त्यांची मुलगी शबाना उर्दू शाळेत शिकवते. मी तावातावानं फ्लेक्सचं बोलायला लागलो. कोणी दिला यांना फोटो, कोणाला विचारून हे सोंग केलं... ती शांतपणे म्हणाली, "मैंने ही दिया चाचा. कोट भी मैंने ही बोला." ती म्हणाली, "जिंदगीभर लोगों को पहनाया. खुद कभी नहीं पहना. अच्छे लग रहे ना अब्बा?" आणि माझ्याकडे पाहत राहिली. लक्ष्मीबाईचा पोरगा आठवला. त्यालाही शकूरभाईंनी शेवटी पैठणी लावूनच दिली होती. मी म्हटलं, "हो बेटा, चांगले दिसून राह्यले." खोटं बोललो. मग तिला म्हटलं, मूळ फोटो तरी दाखव. तिनं मोबाइल पुढे केला.

आता तो मूळ फोटो ऐका. शकूरभाई स्टुडिओच्या दारात स्टुलावर बसले आहेत. अंगात नेहमीचा मळका पांढरा शर्ट, खांद्यावर दुपट्टा. आणि मांडीवर स्टुडिओचा तो काळा कोट. कोटाचं बटण तुटलंय आणि ते शिवून राह्यले. ज्या कोटाला ते गिऱ्हाईकासाठी बटण लावत होते, तो त्यांच्या मांडीवरून उडवून, दुसराच कोट त्यांच्या गळ्याखाली चिकटवला. मी हसलो. शबाना म्हणाली, "क्या हुआ चाचा?" तिला काय सांगू? हा राग कोणावर काढावा तेच मला कळत नाही. तिची चूक नाही, निखिलची नाही, फ्लेक्स लावणाऱ्या दोस्तांनी तर वर्गणी काढून लावलाय. सगळ्यांनी प्रेमानंच कापलं. नवीन फ्लेक्स मी केला नाही. पोरीनं हौसेनं बापाला घातलेला कोट मी कोणत्या तोंडानं उतरवू?

तिच्याकडून किल्ली घेऊन स्टुडिओत जाऊन आलो. पडदा विटलाय, खोके तसेच आहेत. कोट खिळ्यावर आहे. वरून दुसरं बटण काळ्या कोटावर पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेलं आहे. घरात काळा दोरा नसेल, की चष्मा नसेल, कोण जाणे.

या लेखासोबत छापायला तो मूळ फोटो मी पुरवणीच्या संपादकांना शबानाला विचारूनच पाठवला आहे. पूर्ण छापा, हात कापू नका, असं फोनवर बजावून सांगितलं. ते म्हणाले, "जागा पाहतो." जागा पाहतो म्हणजे काय, हे पाट्या रंगवणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही. तेव्हा वर नुसतं तोंड दिसत असेल तर वाचकहो, खाली जे नाही ते इथे लिहून ठेवतो. डाव्या हाताच्या चिमटीत बटण आहे. अंगठ्याचं नख जुन्या डार्करूमच्या औषधानं कायमचं पिवळं पडलंय. उजव्या हातात सुई आहे, सुईत पांढरा दोरा आहे, आणि दोरा ओढताना करंगळी जराशी वर उचललेली आहे.