मिसरी आणि माझ्या लेकीचं आजोळ

लग्न झाल्यावर निपाणीच्या स्टँडवर बेळगावच्या बसमध्ये बसले, तेव्हा आईने खिडकीतून मिसरीची पुडी माझ्या हातात कोंबली. म्हणाली, "परक्या गावात डोकं चढलं तर लाव. भूक काढायची पाळी आली तरी लाव." मला त्यात माया दिसली. मायाच होती.

निपाणीजवळच्या आमच्या गावात बायका सकाळी उठून चुलीपुढे बसायच्या आणि भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड दातांना चोळायच्या. आई वखारीत तंबाखू चाळायला जायची. नाकाला पदर बांधायची, तरी संध्याकाळी तिच्या केसांना आणि तिने थापलेल्या भाकरीला तोच उग्र वास. मिसरी लावली की दुपारपर्यंत भूक लागत नाही, म्हणून सगळ्या लावायच्या. वखारीच्या मालकाच्या घरातल्या बायका मात्र पेस्टने दात घासायच्या. तेव्हा मला ते खटकलं नाही. आता आठवलं की संताप होतो.

नवरा फाउंड्रीत, म्हणून आमची खोली बेळगावच्या उद्यमबागेजवळ, कारखान्यांच्या वस्तीत. शेजारच्या कानडी बायका माझं काळं बोट बघून हसायच्या, मग मी दाराआड लावायचे. स्वाती पोटात असताना दवाखान्यातल्या नर्सबाईंनी समजावलं आणि मी सोडली. डोकं फुटायची वेळ आली, पोट साफ होईना, भांडी आपटली, पण सोडली.

या मे महिन्यात स्वाती आजोळी राहून आली. दहा वर्षांची पोर. दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीत बघते तर बोट काळं. म्हणाली, "आजीनं दिली. दात ठणकत हुता. आता लावल्याबिगर बरं वाटत न्हाय."

मी गावी फोन केला. आई म्हणाली, "लई शानी झालीस व्हय गं? तू लावत न्हवतीस? मेलीस का?" मागून माझा भाऊ, अण्णा, ओरडला, "त्या मडमला इचार, उद्यमबागेत काय गुलाबपाणी उडतंय?" सगळे हसले. मला फोनवर तोंड फुटत नाही. ठेवून दिला.

बोलता आलं नाही ते इथे लिहिते. अण्णा, तुझं खरं आहे. इथे वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसते, नवरा काळं खाकरतो. पण ती काजळी मी बोटावर घेऊन पोरीच्या तोंडात घालत नाही. आणि आई, तुझ्या गालात आतून पांढरा चट्टा आहे. तिखट लागलं की डोळ्यांतून पाणी येतं. भाकरी दुधात कुस्करून खातेस आणि वर सांगतेस, अंगात उष्णता हाय. दवाखान्यात चल म्हटलं तर म्हणे वखारीला खाडा पडतो.

स्वातीची मिसरी सुटली, रडून रडून सुटली. आता दिवाळीला आजीकडे जायचा हट्ट धरलाय. काल मी धीर करून परत फोन लावला. "आई, स्वाती यायची न्हाय. तू मिसरी सोड, त्याच दिवशी तिला घिऊन येते."

आई म्हणाली, "मग मी शेंगा कुणासाठी भाजू?"

मला रडू आलं, पण शब्द मागे घेतला नाही. ही खोली भाड्याची आहे, हवा वाईट आहे, माणसं अजून परकी वाटतात. तरी माझं घर आता हेच, कारण लेकीच्या तोंडात काय जातं ते इथे मला दिसतं. तिचं आजोळ मी तोडलं असं गाव म्हणेल. म्हणू दे.