कानकाप्याचा अर्ज

आमच्या गल्लीतल्या न्हाव्याला 'कानकाप्या' हे नाव मीच ठेवलं. हक्कच होता माझा. कान माझा होता. एकदा भर सकाळी तो पिऊन तर्र होता आणि माझ्या डाव्या कानाच्या पाळीचा तुकडा त्याने वस्तऱ्याने उडवला. माझं शिवणाचं दुकान त्याच्या समोरच, त्यामुळे नाव गावभर व्हायला वेळ लागला नाही.

पुढे त्याने दारू सोडली. आठ वर्षं थेंब नाही. मूल होईना म्हणून नवरा-बायकोने दत्तक घ्यायचं ठरवलं, आणि अर्जात 'पूर्वीचं व्यसन' या रकान्याला या बाबाने दोन पानं जोडली. दारू, बायकोवर एकदा उचललेला हात, माझा कानसुद्धा.

त्याच्या मेव्हण्याने कपाळावर हात मारला. हा निवृत्त हेडक्लार्क. खरं लिहायची सवय सुटून जमाना झालेला. "अहो दाजी, विचारलं म्हणून काय सगळं ओकायचं? थांबा, मी बघतो." नातेवाइकांची तीन शिफारसपत्रं लागणार होती. या दीडशहाण्याने एकच मसुदा केला आणि स्वतःच्या, मामांच्या, चुलत्यांच्या सहीने तीनदा धाडला: 'अर्जदार आजन्म निर्व्यसनी असून गाईसारखा गरीब आहे.' गाय म्हणे! ती गाय गटारात लोळायची तेव्हा हे तिघे रस्ता बदलायचे.

चौकशीला आलेल्या बाईंनी सगळे कागद समोर मांडले. "खोटं कोण बोलतंय? तुम्ही, की हे तिघं?"

"हे तिघं," न्हावी म्हणाला. मेव्हणा पंख्याकडे बघत बसला.

"मग ही पत्रं बाद. तुम्हाला प्यायलेलं ज्याने पाहिलंय त्याचं पत्र आणा. पंधरा दिवसांत, नाहीतर फाईल बंद."

तो माझ्या दारात येऊन उभा राहिला. "मास्तर, खरं तेच लिहा. कानाचंही."

मला गुदगुल्या झाल्या, सांगायला लाज वाटते. कान लिहिला, गटार लिहिलं. 'आता हा माणूस कसा आहे' इथे मात्र पेन अडलं. मला काय माहीत? कान गेल्यापासूनच्या तेरा वर्षांत मी त्याच्या दुकानात पाऊल टाकलं नव्हतं. आठ वर्षं शुद्धीवर असलेल्या माणसाला रोज कानकाप्या म्हणत होतो, आणि मेव्हण्याला खोटारडा म्हणायला मीच पुढे!

उठलो, रस्ता ओलांडला, खुर्चीत बसलो. "दाढी."

त्याने वस्तरा दोनदा पुसला. वस्तरा गळ्यावरून वर सरकत डाव्या कानाशी आला आणि क्षणभर थांबला. मी खुर्ची घट्ट धरली. मग कानाला ओरखडाही न काढता त्याने दाढी पुरी केली.

परत येऊन पत्र पुरं केलं: 'याने एकदा माझा कान कापला. आज याच्याकडूनच दाढी करून आलो आहे.'

चार महिन्यांनी मुलगी आली. आता शाळेत जाते. काल दुकानाच्या पायरीवर येऊन तिने विचारलं, "आजोबा, सगळे मला कानकाप्याची पोर का म्हणतात?"

मी मान खाली घालून मशीन चालवत राहिलो.