भातुकलीतला बाबा

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर लेकीने भातुकली मांडली. लेक साडेचार वर्षांची; आम्हाला ती उशिरा झाली, त्यामुळे बागेत लोक मला तिचा आजोबा समजतात. खेळात ती स्वतः आई झाली, बाहुली बाळ झाली आणि मला, कसलाही वशिला न लावता, बाबाचं काम मिळालं. मी खूश होऊन लुटुपुटीच्या पोळीकडे हात नेला.

"तू इथे कुठे? तू हिंजवडीला जा," असं म्हणून तिने माझ्या खांद्याला ऑफिसची बॅग अडकवली आणि मला बाल्कनीत पाठवलं.

मी वाळत घातलेल्या टॉवेलांमध्ये बॅगेसकट उभा राहिलो. समोरच्या इमारतीतल्या काकांनी हात केला, मीही केला. थोड्या वेळाने विचारलं, "येऊ का आता?"

"नाही. बाळ झोपल्यावर बाबा येतात."

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मी घरी येतो तेव्हा ती झोपलेली असते आणि सकाळी निघतो तेव्हाही.

"अहो, ऊन लागेल, या आत," बायको म्हणाली. पण परवानगी तिच्या हातात नव्हती.

लेक बाहुलीला मांडीवर घेऊन जोरजोरात थोपटत होती. "झोप ना गं पटकन! बाबा बाहेर ताटकळलाय."

बाहुली मीच आणलेली, स्वस्तातली. तिचे टक्क उघडे डोळे रंगवलेले होते. ते मिटणार कसे?