माऊचं पासपोर्टवरचं नाव

आम्हा सोमाली माणसांना आईबापांनी ठेवलेली नावं असतात, पण ती सरकारपुरती. इंग्लंडातल्या ब्रिस्टलच्या आमच्या इमारतीत जो तो टोपणनावाचा. तळमजल्यावरचा लंगडा, वरचा सोनदात्या, मी बडबडी. खद्राला मात्र लहानथोर सगळे आत्याच म्हणत. नवरा लढाईत गेलेला, पोटी मूल नाही. लग्नाकार्याचे सामोसे तळून ती पोट भरायची आणि इमारतीतली पोरं फुकट सांभाळायची. तोंडाची फटकळ, हाताची सढळ. सोनदात्याची आठ वर्षांची माऊ तिची फार लाडकी. शाळा सुटली की पोरगी आधी आत्याच्या स्वयंपाकघरात, मग घरी.

उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि माऊ धावत निरोप घ्यायला आली. मीही तिथेच होते.

"आत्या, आम्ही आजीकडे चाललो, सोमालियात, बुराओला! आजी माझ्यासाठी बकरा कापणार. म्हणते, आता तुला मोठी करायची."

आत्याने कढईखालचा गॅस बंद केला. असाच बकरा तिच्यासाठीही कापला होता. आमच्याकडे पोरींचीही सुंता करतात, अंगाचा नाजूक भाग कापून; त्या दिवशी तिची केली, पुढे ताप धरला, आणि कूस कधी उजवली नाही.

ती तशीच खाली धावली. माऊची आई शुक्री टॅक्सीत सामान ठेवत होती.

"शुक्री, पोरीला नेऊ नकोस. इथे कायदा आहे. तुरुंगात जाशील."

"लग्नाला चाललोय आम्ही. आणि मला शिकवणारी तू कोण? आधी एक तरी पोर काढ, मग बोल."

टॅक्सी गेली. मी लगेच पोलिसांना फोन लावला. पलीकडची बाई मायाळू होती. म्हणाली, "काळजी करू नका, विमानतळावर अडवता येईल. पासपोर्ट जप्त करता येतो. मुलीचं पूर्ण नाव?"

मी आत्याकडे बघितलं.

"माऊ," आत्या म्हणाली.

"ते नाही गं, खरं! बापाचं तरी?"

"सोनदात्या," ती म्हणाली. ज्या पोरीला हातांनी भरवलं, तिचं नाव तिला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. नुसत्या 'शुक्री'वरून पोलिसांना काही शोधता येईना. इमारतीत दारोदार विचारलं, कुणालाच नव्हतं. घर शुक्रीच्या मामाच्या नावावर, तो फोन उचलेना. शाळेला कुलूप. कुठल्या विमानतळावरून गेले, तेही कळेना.

संध्याकाळी पोलिसांनी शाळेच्या कुणाला तरी गाठून नाव काढलं: इफ्राह अब्दिनासिर. तोवर विमान उडालं होतं. दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांनी हुकूम दिला, मुलीला हात न लावता परत आणा. मोठा कडक हुकूम! बुराओतल्या म्हातारीला त्याचं काय? मला संताप आला होता, पण काढणार कुणावर?

सप्टेंबरात ते परतले तेव्हा पोरीची सुंता होऊन गेली होती, आणि पोलिसांनी विमानतळावरूनच शुक्रीला नेलं. सोनदात्यालाही. पोरीला सरकारने परक्या गोऱ्या कुटुंबात ठेवलं. एकदा कपडे न्यायला आणली, तेव्हा ती आत्याच्या दारात आली. आत्याने खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

"पोलीस म्हणाले, तुम्ही दोघींनी फोन केला होता."

"केला गं, बाळा."

"जाताना मी विमानतळावर खूप वेळ बसले होते आत्या. समोर पोलीस उभे होते. मग ते माझ्याकडे का नाही आले?"