नोनी मल्विहिलच्या केसांचे आकडे

नोनी सेडलाकच्या प्रार्थनेच्या पुस्तकात संत ज्यूडच्या चित्राला चिकटून एक बेसबॉलवाला राहत असे. तिचा नवरा फ्रँक, ट्रामचा कंडक्टर, हयात होता तेव्हा दर रविवारी चर्चमध्ये तिला कोपराने डिवचायचा.

"आज कोणाला साकडं घालतेस? संताला की त्याला?"

"दोघांनाही. तू सुधारावास म्हणून."

आगपेटीहून जरा मोठं असं ते कार्ड होतं. सिगारेटच्या पाकिटातून निघालेलं, १९१० सालचं. मागे पिवळं आभाळ, पुढे खांद्यावर बॅट टाकून उभा वॉल्टर स्ट्रोबेल. छापखान्याच्या चित्रकाराकडे गालांसाठी एकच गुलाबी रंग असावा, कारण त्या वर्षीचे सगळेच खेळाडू नुकतीच थोबाडीत खाल्ल्यासारखे दिसत. स्ट्रोबेलच्या छातीवर मात्र गंजाच्या दोन बारीक रेघा होत्या. नोनीने कार्ड पुस्तकाच्या पानाला केसांच्या आकड्याने अडकवून ठेवलं होतं. आकडा गंजला, डाग उतरला. तिने तो कधी पुसला नाही. शिक्षा भोगणाऱ्याने बेडी घासून लख्ख करू नये, असं काहीसं तिचं मत होतं.

कारण या माणसाचा डोळा आपण घालवला, असं नोनी पंचेचाळीस वर्षं मनोमन धरून बसली होती.

लग्नाआधी ती नोनी मल्विहिल होती. तिची आई टेरेसा क्लीव्हलंडमध्ये, मैदानापासून चार गल्ल्यांवर, खेळाडूंसाठी राहण्याजेवणाचं घर चालवायची. सहा खेळाडू, सहा भुका. बटाटे सोलून आणि शर्टांना इस्त्री करून नोनीचे हात एकोणिसाव्या वर्षीच चाळिशीचे दिसू लागले होते. स्ट्रोबेल नेब्रास्कातल्या शेतावरून आलेला. तीन हंगाम त्याने सगळ्या लीगच्या गोलंदाजांना रडवलं होतं, पण जेवणाच्या टेबलाशी मीठ हवं असलं तरी मागायचा नाही, अळणी खायचा. नोनीच्या ते ध्यानात आलं, तेव्हापासून मीठ आधीच त्याच्या ताटापाशी असे. यापलीकडे दोघांत काही नव्हतं. निदान बोलून दाखवण्यासारखं काही नव्हतं.

१९११च्या जूनमध्ये त्याचा हात आटला. बारा दिवस एक फटका नाही. वर्तमानपत्रं चघळून चघळून लिहू लागली. हे खेळाडू म्हणजे अंगाने बैल आणि मनाने पोरं. रस्त्यात रिकाम्या पिंपांची गाडी दिसली तर दिवस चांगला, तिरळा माणूस दिसला की घात. आणि वाटेत बाईच्या केसांतला आकडा सापडला की त्या दिवशी एक फटका पक्का. त्या आठवड्यात सहाही जण मान खाली घालून मैदानावर जात. गल्लीतल्या बायकांना वाटे, पोरं किती सालस आहेत.

एका सकाळी नोनीने केसांतला आकडा काढला आणि कोळशाच्या वखारीच्या कोपऱ्यावर, स्ट्रोबेल वळायचा तिथे, टाकून दिला. खिडकीतून पाहिलं. तो वाकला, आकडा उचलला, फुंकर मारून खिशात टाकला. त्या दुपारी त्याने दोन फटके मारले.

मग रोजच. जुलैपर्यंत तिचे आकडे संपले, आईच्या डबीतले संपू लागले, आणि नोनीने केस सुतळीने बांधायला सुरुवात केली.

"केसांना सुतळी? तू काय बटाट्याचं पोतं आहेस?" टेरेसा म्हणाली.

"आकडे हरवतात गं आई."

"रोज?"

"रोज."

"डोकं घट्ट बसलंय ना? की तेही हरवायच्या बेतात आहे?"

ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी जेवणाच्या टेबलावर, सहांपैकी पोट सुटलेल्या डिलेनीने तोंडात घास असतानाच सांगून टाकलं, "आकडा आपोआप पडलेला पाहिजे बरं का. मुद्दाम टाकलेला उलटतो. बॉस्टनच्या एकाच्या बायकोने टाकले होते. पाय मोडला त्याचा."

कोबी वाढणाऱ्या नोनीने ते ऐकलं. स्ट्रोबेल ताटातून मान वर न काढता जेवत होता. रात्रभर तिने विचार केला आणि सकाळी पुन्हा आकडा टाकला. कारण आदल्या दिवशी तो तीन फटके मारून आला होता आणि जिना चढताना शीळ घालत होता. ती शीळ थांबवायची तिची छाती झाली नाही.

हंगाम संपला तेव्हा दर दहा खेळींत चार फटके, असा त्याचा हिशेब लागला. असं जन्मात एकदा जमलेले लोकसुद्धा बोटांवर मोजण्याइतके. शहर त्याला डोक्यावर घेऊन नाचलं. आणि पुढच्या एप्रिलमध्ये, तिसऱ्याच सामन्यात, एक वेगवान चेंडू त्याच्या कानशिलावर बसला. जीव वाचला, डावा डोळा अधू झाला. खेळ संपला.

जायच्या दिवशी तो स्वयंपाकघराच्या दारात आला. एका हातात हॅट, दुसरा हात कोटाच्या खिशात. बराच वेळ तो हात खिशात चाळवत राहिला. शेवटी रिकामाच बाहेर आला.

"मिस नोनी," तो म्हणाला, "तुमचा चहा फार छान असायचा."

चहा तो कधी घेतच नसे.

नोनीने पाद्र्यापुढे पापाची कबुली दिली. फादर कॉरिगन जाळीपलीकडे हसले आणि म्हणाले, "पोरी, देवाला याहून मोठी कामं आहेत." तिला तीन प्रार्थना म्हणायला सांगून त्यांनी वाटेला लावलं. पण माफी मागायची होती ती पाद्र्याची नव्हे, स्ट्रोबेलची. नेब्रास्काला पत्र लिहायला ती चारदा बसली. काय लिहिणार? पुढे फ्रँक भेटला, हसवणारा, भला. त्याच्यावर तिने मनापासून प्रेम केलं, तीन मुलं वाढवली, वीस वर्षं लाँड्रीत इस्त्री केली. कार्ड पुस्तकात राहिलं.

१९५७च्या वसंतात मर्ल ऑस्ट्रँडर तिच्या दारी आला. टपालखात्यातून निवृत्त झालेला, जुनी सिगारेट-कार्डं जमवणारा विधुर. चर्चमधल्या कोणीतरी त्याला सांगितलं होतं. त्याने टेबलावर स्वच्छ रुमाल पसरला, त्यावर कार्ड ठेवलं, भिंग लावलं आणि दुखलं तरच काढावा असा आवाज काढला.

"बाई, चारही कोपरे टोकदार, रंग ताजे. आणि हा गंज! या माणसाची कार्डं किती थोडी उरलीत, ठाऊक आहे? आकडा लावलात तुम्ही याच्यावर?"

"लावला."

"पण का?"

"मीठ सांडलेलं पुसतात, मिस्टर ऑस्ट्रँडर. सगळंच पुसता येत नाही. विकायचं नाहीये मला."

तो हिरमुसला. भिंग खिशात घालता घालता म्हणाला, "आता याचं आणखी काही कुठून मिळायचं. स्ट्रोबेल म्हातारा गेल्या हिवाळ्यात वारला. घरातल्या सामानाच्या लिलावाला मी गेलो होतो."

नोनी खुर्चीत बसली. आता विचारायलाही कोणी उरलं नव्हतं.

"डोळ्याचं काही म्हणायचा का तो?"

"शेजारी म्हणाले, कुरकुर नव्हती कधी. मला बॅट मिळाली त्याची. आणि बॅटीबरोबर तंबाखूचा एक डबा गळ्यात मारला लिलाववाल्याने. नुसतं भंगार. बायकांच्या केसांचे गंजके आकडे. बहिणीचे असतील."

"तो डबा मला दाखवाल?" नोनी म्हणाली.

गुरुवारी तो डबा घेऊन आला. मनात अर्थात कार्डाशी अदलाबदल करायचा डाव होता. जमवणाऱ्याचा जीव, त्याला तरी काय बोलायचं. नोनीने झाकण उघडलं. आत गंजून एकमेकांना चिकटलेला झुबका होता. आईच्या डबीतले नागमोडी पायांचे आकडे तिने तेवढ्यातही ओळखले. झुबका उचलला तर खाली कागदाचं एक चपटं पुडकं निघालं. न फोडलेलं. त्यावर गल्लीच्या टोकाच्या हॅलोरनच्या दुकानाचा छाप होता. कोपऱ्यात पेन्सिलीने, नांगर धरणाऱ्या हाताचं मोठं मोठं अक्षर होतं.

'मिस नोनीला द्यायचे. तिच्यावर सुतळी बांधायची पाळी आलीय. २ ऑगस्ट १९११.'

तिने तारीख दोनदा वाचली. ऑगस्ट. म्हणजे डिलेनीने त्या शनिवारी आकडे उलटतात म्हणून सांगितलं, तेव्हा स्ट्रोबेलला आधीच ठाऊक होतं. पुढचा सगळा ऑगस्ट, सगळा सप्टेंबर, वखारीच्या कोपऱ्यावर तो रोज वाकला, तो आकडा कोणाचा आणि कसा पडला हे जाणूनच वाकला. उलटायचं असेल तर उलटू दे म्हणून वाकला. आणि दारात उभा राहून खिशात चाळवत होता ते हे पुडकं.

नोनी रडली. लपवून वगैरे नाही, चांगली हुंदके देऊन. ऑस्ट्रँडर गोंधळून रुमालाची घडी घालत, मोडत राहिला. मग तिने त्याला सगळं सांगितलं, आणि कार्ड त्याच्यापुढे सरकवलं.

"न्या हे. आता मला याची माफी मागायची नाहीये."

ऑस्ट्रँडरने कार्ड उचललं. दोन वर्षं तो हेच शोधत फिरत होता. भिंग न लावता त्याने त्या दोन गंजक्या रेघा पाहिल्या आणि कार्ड परत पुस्तकात, ज्यूडच्या शेजारी ठेवलं.

"डागाळलेलं आहे, बाई. माझ्या संग्रहात नाही चालायचं."

"आणि डबा?"

"भंगार मी घरात ठेवत नाही."

रविवारी नोनीने पुडकं फोडलं. काळे, कोरे, तेल लावल्यासारखे आकडे. पांढऱ्या केसांचा अंबाडा आता लिंबाएवढा उरलेला, दोन आकड्यांतच मावला. प्रार्थना संपवून पायऱ्या उतरताना मागे बारीकसा टण आवाज झाला. विरळ केसांतून एक आकडा निसटून दगडावर पडला होता.

ती थांबली. वाकायला गेली आणि वाकली नाही. हा आपोआप पडलेला होता. मोकळी झालेली बट कानामागे सारून ती हळूहळू घराकडे चालू लागली.