बशीत न आलेले मोड

ऑपरेशननंतर अंडाशयाच्या गाठीचा एक तुकडा संशोधनासाठी ठेवू का, असं मुंबईच्या डॉक्टरांनी विचारलं. मी लगेच हो म्हटलं. ती ब्याद घरी खर्डीला परत आणून करायचं काय?

पुढच्या तपासणीला प्रयोगशाळेतली एक मुलगी मुद्दाम भेटली. गाठीच्या पेशींना सतत वाढण्याचा निरोप मिळत असतो, म्हणाली. आरएनएचा एक अगदी छोटा रेणू तो निरोप वाटेतच अडवतो. माझ्या पेशी बशीत ठेवून त्यांना तो रेणू देऊन ती बघणार होती. मला अर्धंमुर्धं कळलं. पेरणीआधी आम्ही मूठभर भात ओल्या फडक्यात बांधून मोड येतात का बघतो, तसंच का, असं मी विचारलं. तसंच, पण मोड नाही आले तर आम्ही खूश, असं म्हणून ती हसली.

मग माझा जीव त्या बशीतच अडकला. घरात बोलायला कुणी नाही. नवरा गेला, मुलगा पुण्याला. एक रविवार सोडून एक येतो. शेजारणी अंगणातूनच चौकशी करतात, चहाला थांबत नाहीत. मी काय त्यांना चावणार आहे? फार राग येतो. संध्याकाळी तर रडूही येतं.

गेल्या खेपेला डॉक्टरांनी सांगितलं, गाठ परत आली आहे. बाहेर येते तर ती मुलगी आनंदानं सांगत आली, बशीतल्या पेशी वाढायच्या थांबल्या. "मंग ते औषध मला कदी देणार?" मी विचारलं. तिचा चेहरा उतरला. माणसांना द्यायला अजून कित्येक वर्षं लागतील, आणि तेही जमलं तर. "तुमच्यासाठी नाही होणार, मावशी." तिचेच डोळे भरले. मीच तिच्या पाठीवरून हात फिरवला.

घरी पोचले तोच मुलाचा फोन. कुठून सुरुवात करावी कळेना, म्हणून आधी चांगलं ते सांगितलं: नव्या औषधानं माझ्या गाठीच्या पेशी वाढायच्या थांबल्या.

"म्हंजे सुटलीस, आई," तो म्हणाला आणि मोठ्यानं हसला. बाप गेल्यापासून तो असा हसला नव्हता. गाठ परत आल्याचं मी मग सांगितलंच नाही.

"मंग या रविवारी नाय आलो तर चालेल ना गो? कामं लय साचलीत."

"चालेल रे," मी म्हणाले.