लागण नसलेल्या पडद्यासमोर

तुम्हाला रोग झालाय असं ओरडणारा अनोळखी माणूस औषधही स्वतःच पुढं करत असेल, तर तुम्ही ते घ्याल?

नारायणगावच्या सायबर कॅफेत माझ्या शेजारी पिंपरी पेंढारचे एक वयस्कर मेंढपाळ बसले होते. मस्कतला गेलेल्या मुलानं ईमेलवर पाठवलेला फोटो पाहताना त्यांच्या हातून चुकून बाजूच्या जाहिरातीवर माउस दाबला गेला. पडदा लाल झाला, भोंगा वाजू लागला.

"भाऊ, काय म्हणतंय हे?"

मी इंग्रजी मजकूर वाचून सांगितला, "व्हायरस सापडलाय. बटण दाबा, नाहीतर सगळे फोटो पुसले जातील."

त्यांनी आधी पलीकडच्या मुलीची खुर्ची दूर ढकलली. "पोरी, लांब सरक! लागण हाय!" आजारी मेंढरापासून बाकीची मेंढरं अशीच लांब काढतात. मग त्यांचा हात माउसकडं गेला.

"दाबू नका! ही साइट थाप मारतेय. तिनं कॉम्प्युटर तपासलेलाच नाही. दाबलंत तर चोर आत येईल."

मी ब्राउझरच बंद केला आणि ईमेल पुन्हा उघडून दिला. फोटोत मुलगा तसाच हसत होता. मेंढपाळांनी बोट पडद्याजवळ नेलं, पण टेकवलं नाही.

"भ्यालो की इचार सुचत न्हाई, राव. मी दाबणारच व्हतो."

'पत्रक छापून वाटा, नाहीतर देव कोपेल' म्हणणाऱ्यांचीच जात या साइटवाल्यांची. त्यांना तुमची अक्कल नको, घाबरलेलं बोट हवं असतं.

असा पडदा ओरडला, तर त्यातलं एकही बटण दाबू नका. ब्राउझर बंद करा, आणि आजच हे घरातल्या सगळ्यात भित्र्या माणसाला समजावून सांगा.